धातूच्या नॅनोक्लस्टरवरील अभिक्रिया संगणकावर कशी अभ्यासावी : नवख्यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

सोने गंजत नाही आणि सहसा कशाशी अभिक्रिया करत नाही, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. १९८७ साली मासाताके हारुता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मात्र दाखवून दिले की, धातूंच्या ऑक्साइडवर बसवलेले सोन्याचे अतिसूक्ष्म कण कार्बन मोनॉक्साइडचे ऑक्सिडीकरण शून्य अंश सेल्सिअसच्याही खाली घडवून आणतात. काही मोजक्या अणूंचा क्लस्टर त्याच धातूच्या लगडीपेक्षा इतका वेगळा का वागतो, हे समजून घेण्यासाठी प्रयोगाच्या जोडीने संगणकीय गणना लागते. ती गणना पहिल्यांदा करू पाहणाऱ्यांसाठी हा लेख आहे.

नवखा अभ्यासक बहुधा थेट संक्रमण अवस्था (अभिक्रियेच्या मार्गावरील ऊर्जेचे शिखर) शोधायला धावतो. मीही तेच केले होते. प्रत्यक्षात उत्तराचा मोठा भाग त्याआधीच ठरून गेलेला असतो. क्लस्टरचा आकार कोणता घेतला, त्यावर विद्युतभार किती ठेवला आणि स्पिन (किती इलेक्ट्रॉन जोडीविना एकटे आहेत, ते) कोणता मानला, या तीन निर्णयांत चूक झाली तर पुढची सगळी मेहनत चुकीच्या प्रश्नाचे अचूक उत्तर देते. म्हणून या लेखात पूर्वतयारीला जास्त जागा दिली आहे.

सोबतीला एकच उदाहरण शेवटपर्यंत ठेवतो : एक ऋणभार असलेला सोन्याच्या सहा अणूंचा क्लस्टर, त्यावर एक ऑक्सिजन रेणू आणि एक कार्बन मोनॉक्साइड रेणू. दहा अणूंची ही गणना चांगल्या टेबल-संगणकावर होऊ शकते, असे क्लस्टर वायू अवस्थेत वेगळे काढून त्यांवर प्रयोगही झालेले आहेत आणि नवख्याला चकवणाऱ्या बहुतेक गोष्टी या एकाच उदाहरणात भेटतात.

सुरुवातीला जवळ काय असावे

• किमान आठ गाभ्यांचा प्रोसेसर आणि ३२ गिगाबाइट मेमरी असलेला, लिनक्सवर चालणारा संगणक. वीस-तीस अणूंच्या पुढे गेल्यावर सामायिक गणन-केंद्राचे खाते लागेलच.
• गणनेचे सॉफ्टवेअर. वायू अवस्थेतील लहान क्लस्टरसाठी ऑर्का (शैक्षणिक वापरासाठी विनामूल्य) किंवा एनडब्ल्यूकेम (मुक्त स्रोत). आधारपृष्ठावर बसलेल्या क्लस्टरसाठी क्वांटम एस्प्रेसो किंवा सीपी२के. दोन्ही मुक्त स्रोत आहेत. व्हास्प सर्वत्र वापरले जाते, पण त्याचा परवाना विकत घ्यावा लागतो.
• पायथन आणि त्यातील एएसई हे ग्रंथालय (तयार आज्ञांचा संच). रचना बांधणे, शेकडो गणना ओळीने चालवणे आणि निकाल वाचणे ही कामे हाताने करू नयेत.
• रचना डोळ्यांनी पाहण्यासाठी अव्होगॅड्रो किंवा व्हीएमडी. प्रत्येक गणनेनंतर रचना उघडून पाहण्याची सवय पहिल्याच दिवसापासून लावून घ्या.
• एककांचे रूपांतर लिहिलेला कागद. एक हार्ट्री म्हणजे २७.२११४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, एक रिडबर्ग म्हणजे त्याचा अर्धा आणि एक इलेक्ट्रॉन-व्होल्ट म्हणजे ९६.४८५ किलोज्यूल प्रति मोल किंवा २३.०६ किलोकॅलरी प्रति मोल. ऑर्का हार्ट्रीत उत्तर देते, क्वांटम एस्प्रेसो रिडबर्गमध्ये आणि व्हास्प इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये. ऊर्जा नेमकी दुप्पट किंवा निम्मी आली, तर आधी एकक तपासा.

१. प्रश्न एका वाक्यात लिहा

‘सोन्याच्या क्लस्टरवरील ऑक्सिडीकरण’ हा विषय झाला. प्रश्न असा असावा : ‘सहा अणूंच्या ऋणभारित क्लस्टरवर ऑक्सिजन रेणू आधीच बसलेला असताना शेजारी कार्बन मोनॉक्साइड आला, तर कार्बन डायऑक्साइड तयार होण्यासाठी किती उंच ऊर्जा-अडथळा ओलांडावा लागतो?’ या वाक्यात अणूंची संख्या, भार, रेणू कोणत्या क्रमाने येतात आणि काय मोजायचे आहे, हे सगळे आले. यातला एखादा तपशील तुम्हाला लिहिता येत नसेल, तर गणना सुरू करू नका.

इथेच आणखी एक गोष्ट ठरवावी लागते : क्लस्टर मोकळा आहे की कशावर बसलेला आहे? मॅग्नेशियम ऑक्साइडवर बसवलेला आठ अणूंचा सोन्याचा क्लस्टर कार्बन मोनॉक्साइडचे ऑक्सिडीकरण करतो, हे १९९९ मध्ये दाखवले गेले. मात्र त्यासाठी आधारपृष्ठात ऑक्सिजनच्या रिकाम्या जागा असाव्या लागतात, कारण त्या जागेतून इलेक्ट्रॉनचा अंश क्लस्टरकडे सरकतो. मोकळ्या क्लस्टरवर काढलेला अडथळा आधारावरच्या उत्प्रेरकाला जसाच्या तसा लावता येत नाही, ही मर्यादा वहीत पहिल्याच पानावर लिहून ठेवा.

२. गणनेची पद्धत निवडा

धातूच्या क्लस्टरसाठी आज सर्वसाधारणपणे डेन्सिटी फंक्शनल थिअरी, म्हणजे डीएफटी, ही इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून ऊर्जा काढणारी पद्धत वापरतात. होहेनबर्ग व कोन यांनी १९६४ मध्ये आणि कोन व शॅम यांनी १९६५ मध्ये तिचा पाया घातला. तिच्यासाठी वॉल्टर कोन यांना १९९८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ते जॉन पोपल यांच्यासोबत विभागून देण्यात आले होते. या पद्धतीत एक फंक्शनल (घनतेवरून ऊर्जा काढण्याचे अदमासे सूत्र) निवडावे लागते आणि उत्तराचा दर्जा त्याच्यावर अवलंबून असतो. सुरुवात पीबीई या १९९६ च्या फंक्शनलने करणे सोयीचे जाते, कारण ते स्वस्त आहे आणि त्याचे दोष नीट माहीत झालेले आहेत. त्याला ग्रिमे यांची डी३ ही विक्षेपण-बलांची (दूरच्या अणूंमधील दुबळ्या आकर्षणाची) दुरुस्ती जोडा. शेवटचे महत्त्वाचे आकडे पीबीई० सारख्या संकरित फंक्शनलने पुन्हा काढा.

सोन्याच्या बाबतीत सापेक्षतावादाचा परिणाम वगळून चालत नाही. केंद्रकाच्या प्रचंड भारामुळे सोन्याचे सर्वांत बाहेरचे कक्षक आकसते आणि या धातूचा स्वभावच त्यामुळे घडतो. हा परिणाम गणनेत आणण्याचा सोपा मार्ग म्हणजे गाभ्यातील इलेक्ट्रॉनांऐवजी वापरायचे परिणामी विभव. डेफ२ कुळातील बेसिस सेटसोबत (इलेक्ट्रॉनांचे वर्णन करणाऱ्या फलनांच्या संचासोबत) येणारे विभव सोन्याच्या ७९ पैकी ६० इलेक्ट्रॉनांची जागा घेते आणि १९ इलेक्ट्रॉन गणनेत उरतात. आपल्या क्लस्टरमध्ये म्हणजे सहा गुणिले १९ अधिक ऋणभाराचा एक, असे ११५ इलेक्ट्रॉन असले पाहिजेत. आउटपुट फाइलमध्ये इलेक्ट्रॉनांची संख्या छापलेली असते. ती ओळ शोधून पाहा. काही सॉफ्टवेअरमध्ये बेसिस सेट आणि विभव वेगवेगळे लिहावे लागतात, त्यातले दुसरे लिहायचे राहून जाते आणि तरीही गणना निमूटपणे पूर्ण होते. ११५ च्या जागी ४७५ दिसले, तर नेमके हेच झालेले असते.

ऋणभारित क्लस्टरमध्ये जास्तीचा इलेक्ट्रॉन सैल पसरलेला असतो, म्हणून बेसिस सेटमध्ये दूरवर पसरणारी फलने हवीत. आवर्ती पेटीत (जिच्या प्रती सर्व दिशांना पुन्हा पुन्हा मांडलेल्या मानतात अशा पेटीत) गणना करणारे सॉफ्टवेअर वापरत असाल, तर क्लस्टरभोवती सर्व बाजूंनी किमान दहा आंगस्ट्रॉम मोकळी जागा ठेवा, व्यस्त अवकाशात केवळ गॅमा बिंदू घ्या आणि भारासाठी माकोव्ह–पेन यांच्यासारखी दुरुस्ती लावा. भारित क्लस्टर शेजारच्या पेट्यांतील आपल्याच प्रतिमांशी दूरवरून आंतरक्रिया करत राहतो आणि पेटी मोठी केली तरी ती आंतरक्रिया फार सावकाश कमी होते.

३. पद्धतीची परीक्षा ओळखीच्या रेणूंवर घ्या

या पायरीला एक दिवस पुरतो आणि ती वगळण्याचा मोह सर्वांनाच होतो. निवडलेल्या पद्धतीने खालील राशी काढा आणि प्रयोगातील मूल्यांशी ताडून पाहा :

• सोन्याच्या द्विअणूतील बंधाची लांबी : २.४७ आंगस्ट्रॉम, तो तोडण्याची ऊर्जा : सुमारे २.३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट.
• कार्बन मोनॉक्साइडमधील बंधाची लांबी : १.१२८ आंगस्ट्रॉम.
• ऑक्सिजन रेणूतील बंधाची लांबी : १.२०८ आंगस्ट्रॉम, बंध-ऊर्जा (शून्यबिंदू ऊर्जा वगळून) : सुमारे ५.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट.

लांबीच्या बाबतीत फंक्शनल बहुधा दोन-तीन शतांश आंगस्ट्रॉमच्या आत उत्तर देते, सोन्याच्या बाबतीत थोडे अधिक. ऑक्सिजनच्या बंध-ऊर्जेपाशी मात्र थांबावे लागते, कारण पीबीई तिथे सुमारे ६.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट देते. एका रेणूत एका इलेक्ट्रॉन-व्होल्टाची ही चूक आहे. ऑक्सिजनचा बंध तुटण्याची पायरी जिथे जिथे येते, तिथे ही चूक तुमच्या ऊर्जा-आलेखात शिरते. क्लस्टरवर चिकटलेल्या दोन रचनांची एकमेकींशी तुलना करताना ती बरीचशी कटते. मुक्त ऑक्सिजन वायूशी तुलना करताना कटत नाही. तुमचा प्रत्येक निष्कर्ष यांपैकी कोणत्या तुलनेवर उभा आहे, याची जाणीव सतत ठेवा.

कार्बन मोनॉक्साइडलाही स्वतःची अडचण आहे. प्लॅटिनमच्या (१११) पृष्ठभागावर हा रेणू एका अणूच्या माथ्यावर बसतो, असे प्रयोग सांगतात. पीबीई आणि तिच्या जातीची फंक्शनले मात्र तीन अणूंच्या मधल्या खळग्याला पसंती देतात. ही विसंगती २००१ मध्ये सविस्तर मांडली गेली आणि तेव्हापासून ती या क्षेत्रातील इशाऱ्याचा दगड ठरली आहे. दोन जागांमधील फरक ०.१ इलेक्ट्रॉन-व्होल्टाच्या आसपास असेल, तर केवळ एका फंक्शनलच्या भरवशावर निष्कर्ष काढू नका.

४. क्लस्टरचा आकार शोधा, गृहीत धरू नका

सहा अणूंचा सोन्याचा क्लस्टर हा सपाट त्रिकोण असतो. तीन अणू कोपऱ्यांवर असतात आणि तीन बाजूंच्या मध्यावर. कोपऱ्यातील अणूला दोनच शेजारी असतात, मध्यावरील अणूला चार. दोन प्रकारच्या अणूंमधला हा फरक पुढे अधिशोषणात (रेणू क्लस्टरला चिकटण्यात) महत्त्वाचा ठरतो. ऋणभारित सोन्याचे क्लस्टर साधारण ११-१२ अणूंपर्यंत सपाटच राहतात, आणि २० अणूंचा क्लस्टर नीटस चतुष्फलक असतो, हे २००३ मध्ये प्रकाश-इलेक्ट्रॉन वर्णपटावरून दिसून आले. आपल्याला सवयीने सुचणारे गोलसर, सममित आकार इथे उपयोगी पडत नाहीत. १३ अणू म्हटले की विंशतिफलक काढून गणना सुरू करणे हा नेहमीचा सापळा आहे. सोने आणि प्लॅटिनम या दोन्ही धातूंच्या बाबतीत डीएफटीला त्याहून कमी सममितीच्या आणि कमी ऊर्जेच्या रचना सापडतात.

ऑप्टिमायझेशन म्हणजे रचना ऊर्जेच्या जवळच्या दरीत उतरवणे. सर्वांत खोल दरी कोणती, हे ते सांगत नाही. त्यासाठी वेल्स आणि डॉय यांनी १९९७ मध्ये मांडलेली बेसिन-हॉपिंग पद्धत वापरा : रचना हलवा, दरीत उतरवा, नवी ऊर्जा पाहून ती रचना स्वीकारा किंवा सोडा, आणि हेच पुन्हा पुन्हा करत राहा. एएसईमध्ये ही सोय तयार मिळते. सहा अणूंसाठी हा शोध सोपा आहे, पण अणू वाढतात तशी दऱ्यांची संख्या झपाट्याने वाढते. लेनर्ड-जोन्स विभवासारख्या साध्या प्रतिमानातही ३८ अणूंच्या क्लस्टरची खरी खोल दरी कुप्रसिद्ध आहे, कारण बहुतेक शोध विंशतिफलकी रचनांच्या रुंद खोऱ्यात अडकून राहतात. म्हणून शोध एकाच सुरुवातीपासून कधीही करू नका. निरनिराळ्या यादृच्छिक रचनांपासून अनेकदा करा आणि तीच रचना स्वतंत्र शोधांतून वारंवार हाती लागते का, ते पाहा.

सर्वांत खालच्या रचनेपासून ०.३ इलेक्ट्रॉन-व्होल्टाच्या आत येणारे सर्व समघटक (त्याच अणूंच्या वेगळ्या रचना) जपून ठेवा. रेणू चिकटल्यावर क्लस्टर स्वतःचा आकार बदलू शकतो आणि मोकळा असताना दुसऱ्या क्रमांकावर असलेला समघटक रेणूसह पहिल्या क्रमांकावर येऊ शकतो.

५. स्पिन ठरवा

या पायरीवर मी तीन आठवडे घालवले, म्हणून ती सविस्तर सांगतो. माझ्या पहिल्या गणनेत ऑक्सिजन सोन्याला अपेक्षेपेक्षा एका इलेक्ट्रॉन-व्होल्टाहून अधिक घट्ट चिकटलेला दिसत होता. मी बेसिस सेट वाढवला, फंक्शनल बदलले, नव्या जागा तपासल्या, आकडा हलेना. चूक क्लस्टरमध्ये नव्हतीच. मुक्त ऑक्सिजन रेणूची इनपुट फाइल लिहिताना मी मल्टिप्लिसिटीच्या (एकट्या इलेक्ट्रॉनांची संख्या अधिक एक) जागी १ लिहिले होते. ऑक्सिजनची मूळ अवस्था त्रिक आहे, म्हणजे तिथे ३ हवे. एकक अवस्था (मल्टिप्लिसिटी १) प्रयोगानुसार ०.९८ इलेक्ट्रॉन-व्होल्टाने वर असते आणि साध्या डीएफटी गणनेत ती त्याहूनही वर येऊ शकते. वजाबाकीतला संदर्भच वर उचलला गेला होता, म्हणून चिकटण्याची ऊर्जा फुगलेली दिसत होती.

आता आपल्या उदाहरणाकडे पाहा. सोन्याचा प्रत्येक अणू एक सैल इलेक्ट्रॉन देतो आणि ऋणभाराचा एक मिळवला की सात होतात. विषम संख्या आली, म्हणजे एक इलेक्ट्रॉन एकटा आहे आणि मोकळा क्लस्टर द्विक (मल्टिप्लिसिटी २) आहे. ऋणभारित सोन्याच्या लहान क्लस्टरांपैकी अणूंची संख्या सम असलेले क्लस्टर ऑक्सिजन धरतात आणि विषम असलेले सहसा धरत नाहीत, हे प्रयोगांत दिसते. त्याचे कारण हाच एकटा इलेक्ट्रॉन आहे : तो ऑक्सिजनकडे सरकतो आणि रेणू सुपरऑक्साइडसारखा (एक जास्तीचा इलेक्ट्रॉन घेतलेल्या ऑक्सिजनसारखा) होतो.

द्विक क्लस्टर आणि त्रिक ऑक्सिजन एकत्र आले की एकूण अवस्था द्विक किंवा चतुष्क होऊ शकते. रेणू दूर असताना दोन्हींची ऊर्जा जवळजवळ सारखी असते. बंध तयार झाल्यावर द्विक अवस्था खाली जाते. म्हणून प्रत्येक रचनेसाठी दोन्ही मल्टिप्लिसिटी, २ आणि ४, वेगवेगळ्या गणनांत तपासणे अनिवार्य आहे. लोह, कोबाल्ट, निकेल यांच्या क्लस्टरमध्ये तर दोन-तीन नव्हे, अनेक मूल्ये तपासावी लागतात.

प्रत्येक गणनेनंतर एकूण स्पिनच्या वर्गाचे सरासरी मूल्य वाचा. शुद्ध द्विकासाठी ते ०.७५, त्रिकासाठी २.०० आणि चतुष्कासाठी ३.७५ असते. द्विक म्हणून मागितलेल्या गणनेत १.७५ च्या आसपासचे मूल्य आले, तर क्लस्टरचा एकटा इलेक्ट्रॉन आणि ऑक्सिजनचे दोन इलेक्ट्रॉन परस्परविरुद्ध दिशेने उभे आहेत, असा त्याचा अर्थ होतो. रेणू अजून दूर असेल तर हे स्वाभाविक आहे. रेणू बांधला गेल्यावरही तसेच राहिले, तर तरंगफलन चुकीच्या अवस्थेत अडकले आहे का, हे पाहण्यासाठी स्थिरता-विश्लेषण चालवा.

६. रेणू क्लस्टरवर बसवा

अधिशोषण ऊर्जा म्हणजे एकत्रित रचनेच्या ऊर्जेतून मोकळ्या क्लस्टरची आणि मुक्त रेणूची ऊर्जा वजा करून येणारा आकडा. तिन्ही गणना त्याच फंक्शनलने, त्याच बेसिस सेटने आणि त्याच अचूकतेने झालेल्या असाव्यात. बेसिस सेट लहान असेल, तर दोन तुकडे एकमेकांची फलने उसनी घेतात आणि बंध खोटा घट्ट दिसतो. बॉइज आणि बर्नार्डी यांची १९७० ची काउंटरपॉइज दुरुस्ती त्यासाठी आहे.

ऑक्सिजन कोपऱ्यातील अणूवर एका टोकाने, दोन अणूंवर आडवा आणि त्रिकोणाच्या सपाट अंगावर, अशा सर्व तऱ्हांनी ठेवून पाहा. सुरुवातीचे अंतर २.३ आंगस्ट्रॉमच्या आसपास घ्या आणि रेणू किंचित तिरका ठेवा. पूर्ण सममित ठेवलेल्या रेणूवर बाजूच्या दिशेने बलच लागत नाही. तो शिखरावर तोल सावरून बसून राहतो आणि गणना ‘पूर्ण झाली’ असे सांगते.

निकाल वाचताना ऊर्जेबरोबर ऑक्सिजन-ऑक्सिजन अंतरही पाहा. मुक्त रेणूत ते १.२१ आंगस्ट्रॉम असते, १.३ च्या आसपास आले तर सुपरऑक्साइड आणि १.५ च्या आसपास आले तर पेरॉक्साइड तयार झाले, असे समजा. क्लस्टरने किती इलेक्ट्रॉन दिले, हे ही लांबी भार-विश्लेषणाच्या कोणत्याही तक्त्याइतक्याच विश्वासाने सांगते.

७. मार्ग आणि शिखर शोधा

आता सुरुवातीची रचना (क्लस्टरवर दोन्ही रेणू शेजारी) आणि शेवटची रचना (क्लस्टरवर एक ऑक्सिजन अणू आणि सुटलेला कार्बन डायऑक्साइड) हाती आहेत. दोहोंमधला सर्वांत कमी चढाचा मार्ग नज्ड इलॅस्टिक बँड पद्धतीने काढतात. मधल्या पाच ते नऊ प्रतिमा (मार्गावरील टप्प्यांच्या रचना) जणू रबराच्या दोरीवर ओवलेल्या असतात आणि प्रत्येक प्रतिमा दोरीच्या आडव्या दिशेने दरीकडे घसरते. २००० साली आलेल्या सुधारित रूपात सर्वांत वरची प्रतिमा शिखराकडे चढवली जाते. तेच रूप वापरा.

मार्ग काढण्यापूर्वी दोन्ही टोकांच्या फायली समोरासमोर उघडा आणि अणूंचे क्रमांक एकेक करून जुळवा. माझ्या एका गणनेत सुरुवातीच्या फाइलमध्ये क्लस्टरला चिकटलेला ऑक्सिजन सातव्या ओळीवर होता आणि बाहेरचा आठव्या. शेवटच्या रचनेत मी रेणू नव्याने बांधला आणि क्रम उलटा झाला. संगणकाच्या दृष्टीने हे दोन वेगळे अणू. त्याने दोघांची अदलाबदल करणारा मार्ग काढला, मधल्या प्रतिमेत ते एकमेकांच्या अंगावर आले आणि अडथळा कित्येक इलेक्ट्रॉन-व्होल्ट उंच दिसला. मार्गातल्या सर्व प्रतिमा चलचित्रासारख्या एकदा फिरवून पाहिल्या असत्या, तर ही चूक अर्ध्या मिनिटात कळली असती.

कार्बन मोनॉक्साइड कुठून येतो, यावरून मार्ग बदलतो. तो आधी क्लस्टरवर बसून मग अभिक्रिया करतो, हा लँगमुइर–हिन्शेलवूड मार्ग. वायूतून थेट येऊन ऑक्सिजनला भिडतो, हा इली–रिडील मार्ग. दोन्ही तपासा. दोहोंतही चार अणूंची साखळी असलेली मध्यस्थ रचना भेटू शकते : कार्बनला दोन ऑक्सिजन जोडलेले आणि त्यांपैकी एकाला तिसरा. अशी खोल दरी मध्ये आली, तर मार्ग तिथे तोडून दोन स्वतंत्र मार्ग काढा.

८. शिखर खरे आहे का ते तपासा, मग दर काढा

शिखरावरच्या रचनेसाठी कंपनांच्या वारंवारता काढा. दहा अणूंच्या रचनेत २४ कंपने असतात. बलांमधील फरकांवरून ती काढायची झाली, तर प्रत्येक अणू तिन्ही दिशांना पुढे-मागे हलवून ६० गणना लागतात. संक्रमण अवस्थेत काल्पनिक वारंवारता (जिच्या दिशेने हलल्यास ऊर्जा वाढण्याऐवजी घटते) नेमकी एकच असली पाहिजे. ती एकच आहे, एवढ्याने समाधान मानू नका. त्या कंपनाची हालचाल पडद्यावर पाहा. कार्बन ऑक्सिजनकडे सरकताना आणि ऑक्सिजन-ऑक्सिजन बंध ताणला जाताना दिसला पाहिजे. नुसताच सोन्याचा एखादा अणू डुलत असेल, तर ते दुसरेच शिखर आहे. शेवटी शिखरावरून दोन्ही बाजूंना उतरणारा आंतरिक अभिक्रिया-मार्ग काढून तो अपेक्षित दऱ्यांतच पोहोचतो याची खात्री करा.

कंपनांवरून शून्यबिंदू ऊर्जा आणि एन्ट्रॉपी मिळते. एन्ट्रॉपी विसरणे ही फार महाग पडणारी चूक आहे. २९८ केल्विन तापमानाला आणि प्रमाण दाबाला ऑक्सिजन वायूची एन्ट्रॉपी २०५ ज्यूल प्रति मोल-केल्विन असते. तिला तापमानाने गुणले की सुमारे ०.६३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट येतात. रेणू चिकटला की यातला मोठा भाग गमावला जातो. म्हणून अधिशोषण ऊर्जा उणे ०.५ आली, तरी खोलीच्या तापमानाला रेणू प्रत्यक्षात टिकेलच असे नाही. शंभर प्रति सेंटिमीटरपेक्षा कमी वारंवारतेची कंपने एन्ट्रॉपी कृत्रिमरीत्या फुगवतात, हेही लक्षात घ्या. त्यासाठी ग्रिमे यांची २०१२ ची सुधारणा लावता येते.

दर काढण्यासाठी आयरिंग समीकरण वापरा. ३०० केल्विनला त्याचा पूर्वगुणक सेकंदाला सुमारे ६.२५ लाख कोटी असतो. मुक्त ऊर्जेचा अडथळा ०.५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असेल, तर दर सेकंदाला सुमारे २५,००० घटना असा येतो, ०.६ असेल तर सुमारे ५००. अडथळ्यातली ०.१ इलेक्ट्रॉन-व्होल्टाची चूक दराला जवळजवळ पन्नास पटींनी हलवते आणि डीएफटीची नेहमीची चूक याहून लहान नसते. म्हणून एकट्या दराचा आकडा छापण्याऐवजी दोन क्लस्टरांची किंवा दोन मार्गांची तुलना करा. तिथे चुका बऱ्याच प्रमाणात एकमेकींना काटतात.

९. चक्र बंद होते का ते मोजा

उत्प्रेरक शेवटी मूळ रूपात परतला पाहिजे. क्लस्टरवर उरलेला ऑक्सिजन अणू दुसऱ्या कार्बन मोनॉक्साइडने नेला की चक्र पूर्ण होते. त्यातील सर्व पायऱ्यांच्या ऊर्जांची बेरीज त्याच फंक्शनलने काढलेल्या मुक्त वायूंच्या अभिक्रिया-ऊर्जेइतकीच, शेवटच्या दशांशापर्यंत, आली पाहिजे. क्लस्टर कोणताही असो, ही बेरीज बदलत नाही. ती जुळली नाही, तर कुठेतरी वेगळा बेसिस सेट, वेगळा स्पिन किंवा वेगळा समघटक शिरला आहे. प्रयोगातील मूल्य दोन कार्बन मोनॉक्साइड रेणूंमागे ५६६ किलोज्यूल प्रति मोल उष्णता बाहेर पडते, असे आहे. त्याच्याशी तुलना केली की फंक्शनलची स्वतःची चूकही कळते.

१०. गतिकी कधी वापरावी

अणूंना गती देऊन अभिक्रिया प्रत्यक्ष ‘घडताना’ पाहावी, असे सर्वांना वाटते. वरचाच आकडा घ्या : ०.५ इलेक्ट्रॉन-व्होल्टाचा अडथळा सरासरी ४० मायक्रोसेकंदांत एकदा ओलांडला जातो. एक फेम्टोसेकंदाचे पाऊल घेतले, तर त्यासाठी ४,००० कोटी पावले लागतात आणि डीएफटीवर आधारित गतिकी व्यवहारात काही दहा पिकोसेकंदांपर्यंतच पोहोचते. तेव्हा साध्या गतिकीचा उपयोग क्लस्टर तापमानाने किती आकार बदलतो, हे पाहण्यापुरता ठेवा आणि अडथळ्यांसाठी मेटाडायनॅमिक्ससारख्या, अडथळा ओलांडायला मुद्दाम भाग पाडणाऱ्या पद्धतींकडे वळा. २००१ मध्ये आलेले रिअ‍ॅक्सएफएफ हे अभिक्रिया हाताळणारे बलक्षेत्र आणि अलीकडची यंत्र-शिक्षणावर आधारित विभवे कितीतरी वेगवान आहेत. पण ज्या प्रकारच्या रचनांवर ती घडवली गेली, त्यांच्या बाहेर त्यांचा भरवसा धरू नये. संक्रमण अवस्थेजवळच्या रचना प्रशिक्षणात नसतील, तर ती नेमकी तिथेच चुकतात.

११. जतन करायच्या फायली

प्रत्येक रचनेसाठी इनपुट फाइल, संपूर्ण आउटपुट फाइल, अंतिम सहनिर्देशक, भार, मल्टिप्लिसिटी, स्पिन-वर्गाचे मूल्य, काल्पनिक वारंवारतांची संख्या आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती एकत्र ठेवा. फाइलच्या नावातच अणूंची संख्या, भार आणि मल्टिप्लिसिटी लिहा. अयशस्वी गणनाही पुसू नका. त्यांच्यासोबत काय चुकले होते, ते एका ओळीत नोंदवा. सहा महिन्यांनी परीक्षकाने एखाद्या शिखराबद्दल विचारले की याच फोल्डरमधून पंधरा मिनिटांत उत्तर देता येते.